अभ्यासासाठी घेतलेली माहिती माणसावर उलटता कामा नये

प्रति,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय, माहिती तंत्रज्ञान विभाग आणि सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : शासनाकडच्या वैयक्तिक नोंदींचा संशोधनासाठी वापर आणि त्याबद्दल लोकांच्या मनातली भीती

महोदय, महोदया,

मी धाराशिव, बीड आणि सोलापूर जिल्ह्यांत घरोघर जाऊन आरोग्याच्या पाहण्या करणारी कार्यकर्ती आहे. प्रश्नावली भरून घेणं, संमतीपत्रक वाचून दाखवणं, सही किंवा अंगठा घेणं हे माझं काम. शासनाकडे जमा होणाऱ्या माहितीबद्दल लोक काय बोलतात, ते मला ओट्यावर बसून ऐकायला मिळतं. तेच आपल्यापर्यंत पोचवण्यासाठी हे पत्र आहे.

संशोधनाला लोकांचा विरोध आहे असं मला कुठेही आढळलेलं नाही. आजारपणाचं, बाळंतपणाचं, घरातल्या मृत्यूचं बोलायला बायका तयार असतात. बऱ्याचदा त्यांना कुणी विचारलेलंच नसतं, म्हणून भरभरून बोलतात. बदललाय तो दारातला पहिला प्रश्न. पूर्वी विचारायच्या, "यातून आम्हाला काय मिळणार?" आता विचारतात, "ताई, याने नाव तर कटणार नाही ना?"

या प्रश्नाला कारण आहे. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केलं की, माहिती तंत्रज्ञान विभागाने सगळ्या विभागांकडून माहिती मागवून ताडून पाहिली तेव्हा 'माझी लाडकी बहीण' योजनेत सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं दिसलं आणि जूनपासून त्यांचे पैसे थांबवले. पात्रता तपासणं हे शासनाचं कामच आहे. पुरुषांच्या नावावर बहिणीचे पैसे जात असतील तर ते थांबलेच पाहिजेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण या तपासणीतून गावोगाव लोक एक गोष्ट शिकले : दोन खात्यांच्या नोंदी जोडल्या की कुणाचा तरी हप्ता बंद होतो. त्याआधीही रेशनच्या मशीनवर अंगठा उमटला नाही, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळलं नाही, ई-केवायसी राहून गेली, अशा कारणांनी त्यांना हेच अनुभवाला आलं होतं. नोंदी जोडल्यामुळे आपल्या तालुक्यातला एखादा आजार लवकर कळला किंवा एखादं उपकेंद्र उभं राहिलं, असं त्यांना आजवर कुणी येऊन सांगितलेलं नाही. मग टॅब घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईकडे त्यांनी संशयाने पाहिलं तर दोष कुणाला द्यायचा?

तरीही नोंदी कुलपात ठेवा, असं मी म्हणणार नाही. नोंदींचा अभ्यास न होण्याची किंमत आमच्याच भागातल्या बायकांनी मोजली आहे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याची बातमी देशभर गाजली. महिला संघटनांनी आणि पत्रकारांनी ती उजेडात आणली. मग विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. खाडा झाला की मुकादम दंड लावणार, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत थांबता येणार नाही, फडात ना आडोसा ना पाणी. अशात पाळीचा आणि अंगावरून जाण्याचा त्रास एकदाचा संपवून टाकावा असं बाईला वाटायचं, आणि संपवून देणारे डॉक्टर सापडायचे.

हे शासनाला आधी का कळलं नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ च्या फेरीपासून गर्भपिशवी काढल्याबद्दल प्रश्न विचारला जातो. पण असं सर्वेक्षण नमुन्यावर चालतं, त्यातून राज्याचा आकडा मिळतो, फार तर जिल्ह्याचा. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली जोडपी वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात. वडवणी किंवा धारूर तालुक्यातल्या एका वस्तीवर, एकाच कामातल्या बायकांचं काय होतंय, हे त्यात उमटतच नाही. ते उमटू शकतं रोजच्या कामकाजातून तयार होणाऱ्या नोंदींत : खासगी रुग्णालयांची नोंदणी आणि तपासणी, विमा योजनेचे दावे, ग्रामपंचायतीतले जन्म-मृत्यू, कामगारांच्या याद्या. हे कागद वेगवेगळ्या कपाटांत होते आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचं काम कुणालाच नेमून दिलेलं नव्हतं. प्रकरण गाजल्यावर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. त्याआधीच्या वर्षांत ज्यांची पिशवी गेली, त्यांच्यासाठी ती परवानगी उशिरा आली.

चांगलं उदाहरण हवं असेल तर तेही आमच्याच भागात आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात आली. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. इथे तर पेशंट रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून नोंदणीची माणसं गावात जाऊ लागली, लोकांशी बोलू लागली, कुणाला कसली लक्षणं आहेत ते विचारू लागली, कुणी वारलं असेल तर मृत्यूच्या नोंदी पाहू लागली. पुढे याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १,३१,७४६ बायकांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबतचा मोठा अभ्यास झाला. एचपीव्हीची (हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची) एकच तपासणी केलेल्या गटात त्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाने त्याची दखल घेतली. कोण जगलं, कोण गेलं आणि कशाने गेलं याची वर्षानुवर्षांची नोंद हाताशी असल्याशिवाय हे सिद्ध करता आलं नसतं.

याच अभ्यासावर टीकाही झाली, ती लपवू नये. तुलनेसाठी घेतलेल्या गटातल्या तीस हजारांवर बायकांची तपासणी झाली नव्हती. त्यांना काय सांगितलं गेलं, त्यांना खरंच समजलं होतं का, हे प्रश्न नंतर विचारले गेले. ते विचारले जायलाच हवे होते. परांडा-भूमच्या बायकांमुळे जगाला जे कळलं, ते त्या बायकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या गावात किती जणांनी जाऊन सांगितलं, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे.

आता नावं काढून टाकण्याबद्दल. मंत्रालयात आणि विद्यापीठात बसलेल्यांना वाटतं की नाव, पत्ता आणि आधार क्रमांक पुसला की माहिती निनावी झाली. गाव असं चालत नाही. बाराशे वस्तीचं गाव, त्यात एका समाजाची दोनच घरं, त्यातली एक बाई ३८ वर्षांची, विधवा, दोन मुली, क्षयरुग्णांच्या सरकारी 'निक्षय' पोर्टलवर तिची नोंद. एवढं वाचून गावातलं शेंबडं पोरही सांगेल ती कोण. तिची मोठी मुलगी लग्नाची असते. टीबीचे उपचार पूर्ण होतात, सरकारकडून पोषणाचे पैसे खात्यावर येतात, आणि बँकेतून ते काढताना कुणी पाहू नये म्हणून ही बाई शेजारच्या गावातल्या केंद्रावर जाते. अशा बायकांशी मी बोलले आहे. एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांच्या नोंदींबद्दल तर वेगळं सांगायला नको. जात, वय, गाव आणि आजार हे चार रकाने एकत्र बाहेर गेले की नाव पुसल्याचा काहीही उपयोग राहत नाही.

कायदा काय म्हणतो ते मी वाचलं आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम १७ मध्ये संशोधन, अभिलेख आणि सांख्यिकी यांना सूट आहे. अट अशी की त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेली मानकं पाळली जावीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले, मानकंही आली : कायदेशीर कारणासाठी वापरा, गरजेपुरतीच घ्या, सुरक्षित ठेवा, गरज संपली की ठेवू नका. चांगलीच आहेत. पण अभ्यास कोण करतंय, कुणाच्या नोंदींवर, कशासाठी, हे लोकांना आधी सांगण्याची सक्ती त्यांत नाही. नैतिक समितीची, म्हणजे अभ्यासात माणसांवर अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी त्यांत नाही. अट मोडली हे ज्या बाईच्या नोंदीचा वापर झाला तिला कसं कळणार, याचं उत्तरही नाही. आणि याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केल्याने, वैयक्तिक माहितीचं कारण सांगून उत्तर नाकारणं कार्यालयांना पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. आमच्याबद्दल शासनाला अधिक कळणार आणि शासनाबद्दल आम्हाला कमी, असा हा व्यवहार होतो आहे. संशोधनासंबंधीचे नियम १८ महिन्यांच्या मुदतीने लागू करायचं ठरलं. ही मुदत राज्याने आपले स्वतःचे नियम करण्यासाठी वापरावी, असं माझं म्हणणं आहे.

लोकांचा विश्वास उडण्याला आणखी एक कारण आहे : संशोधन आणि विक्री एकाच दारातून जाताना त्यांनी पाहिलं आहे. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये वाहन नोंदणीची माहिती घाऊक देण्याचं धोरण काढलं. कंपन्यांना वर्षाला ३ कोटी रुपये, शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी ५ लाख. त्याच वर्षी राज्यसभेत सांगण्यात आलं की 'वाहन' (गाड्यांची नोंदणी) आणि 'सारथी' (चालक परवाने) यांच्या नोंदी ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना उपलब्ध करून दिल्या असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले. गाडीची नोंदणी करताना आपण आपली माहिती विकायला देतोय, हे कुठल्या मालकाला माहीत होतं? जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं, हे चांगलं झालं. पण तोवर 'संशोधनासाठी' हा शब्द बाजाराच्या शेजारी बसवला गेला होता. पुढे कोविड लसीकरणाच्या नोंदी टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या जून २०२३ मध्ये आल्या, तेव्हा आधी केंद्र सरकारने त्या निराधार ठरवल्या, मग तपास झाला, अटकही झाली. लोकांना यातला तपशील आठवत नाही. जे आठवतं ते असं : माहिती बाहेर गेली आणि कुणी आपल्याला येऊन सांगितलं नाही.

न सांगता केलेल्या चांगल्या कामाचंही काय होतं, ते इंग्लंडने पाहिलं आहे. तिथे डॉक्टरांकडच्या नोंदी एकत्र करून संशोधनाला द्यायची 'केअर डॉट डेटा' योजना होती. हेतू वाईट नव्हता. २०१४ च्या सुरुवातीला घरोघर पत्रकं टाकली. बहुतेकांना ती मिळाल्याचं आठवेना. महिन्याभरात योजना थांबवावी लागली आणि २०१६ मध्ये गुंडाळावी लागली. २०२१ मध्ये पुन्हा तशीच घाई झाली, तेव्हा काही आठवड्यांत दहा लाखांहून जास्त लोकांनी आपल्या नोंदी काढून घ्या असं कळवलं. त्याच देशात, त्याच काळात, 'ओपनसेफली' नावाची व्यवस्था मात्र चालली. तिच्यात रुग्णांच्या नोंदी जिथल्या तिथे राहतात. संशोधकाच्या हाती त्या पडत नाहीत. तो आपलं गणित लिहून पाठवतो, ते आतल्या आत चालवलं जातं आणि बाहेर येतात ते फक्त एकत्रित आकडे. कुणी कुठलं गणित चालवलं, हे सगळ्यांना पाहता येतं. कोविडच्या पहिल्याच वर्षी १ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींचा अभ्यास असा झाला. २०२१ मध्ये सर्वसामान्य नागरिकांच्या तीन ज्युरी बसवून, साथीच्या काळात माहिती वापरण्याच्या वेगवेगळ्या व्यवस्था त्यांच्यापुढे ठेवल्या, प्रश्न विचारू दिले, विचार करायला वेळ दिला. त्यांनी सर्वांत जास्त पाठिंबा दिला तो याच व्यवस्थेला. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. समजावून सांगितलं, दाखवलं आणि विचारलं की साधी माणसं नीट विचार करून हो म्हणतात.

आपल्याकडे असं विचारण्याची जागा आयती आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांत योजनांची यादी वाचली जाते, लाभार्थी निवडले जातात. 'या वर्षी आपल्या तालुक्याच्या नोंदींवर हे हे अभ्यास होणार आहेत' हे तिथे का वाचलं जाऊ नये?

माझी पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची मागणी हीच : संशोधनासाठी जोडलेल्या नोंदींची प्रत पात्रता तपासणीकडे, कर विभागाकडे, पोलिसांकडे किंवा मतदारयादीकडे कधीही, कुठल्याही कारणाने जाणार नाही, असं राज्याने कायद्याने बांधून घ्यावं. शासन निर्णय पुरेसा नाही. तो पुढच्या आठवड्यात बदलता येतो. याला पूर्वापार चालत आलेलं उदाहरण आहे. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ प्रमाणे जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहायला मागता येत नाहीत आणि त्या कायद्याखालचा खटला सोडून त्या पुरावा म्हणूनही चालत नाहीत. घरात किती माणसं, कोण कोणाचं, काय धंदा, हे प्रगणकाला खरं सांगणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना ते कलम माहीत नव्हतं. पण जनगणनेत खरं सांगितलं म्हणून कुणाच्या दारी वसुलीदार आला नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. २०२७ च्या जनगणनेत जातही नोंदवली जाणार आहे. तेव्हा हा विश्वास आणखी लागणार आहे, आणि दुसऱ्या कुठल्याही पाहणीत तो मोडला तर त्याची झळ जनगणनेलाही लागेल. गावातली बाई एका टॅबमध्ये आणि दुसऱ्या टॅबमध्ये फरक करत नाही.

काही जण म्हणतील, प्रत्येक अभ्यासाआधी प्रत्येकाची संमती घ्या, म्हणजे प्रश्न मिटला. मी रोज संमती घेणारी आहे, म्हणून सांगते : मिटत नाही. कोयत्यावर गेलेली बाई सापडणार नाही. मेलेल्यांची संमती कोण देणार? आणि ज्यांना नकार द्यायची सवय आहे ते शिकलेले नकार देतील, ज्यांना नाही म्हणताच येत नाही त्यांचा अंगठा उमटेल. बार्शीसारखी नोंदणी अशा अटीवर चालूच शकणार नाही. मला हवं आहे ते वेगळं. ज्याला आपली नोंद अभ्यासातून वगळून हवी आहे, त्याला ती ग्रामपंचायतीत किंवा सेवा केंद्रात एका अर्जाने वगळता यावी, आणि त्या अर्जाचा रेशनशी, हप्त्याशी, उपचाराशी काडीचा संबंध नसावा. बाकीच्यांच्या वतीने 'हा अभ्यास व्हावा की नाही' हे ठरवणाऱ्या समितीत त्यांची माणसं असावीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नैतिक समितीत एक सामान्य नागरिक असावाच लागतो. एकाने भागत नाही. डॉक्टर, वकील आणि प्राध्यापकांच्या मध्ये एकटी बसलेली बाई बोलत नाही, हे मी पाहिलं आहे. ऊसतोडीच्या अभ्यासाला ऊसतोड बायका दोन-तीन तरी असू द्या, आशाताई असू द्या, त्यांना प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या.

नोंदी संशोधकांना पेनड्राइव्हवर देऊ नका. संचालनालयाच्या ताब्यातली एखादी सुरक्षित जागा करा, तिथेच अभ्यास होऊ द्या आणि आकडे बाहेर सोडण्याआधी कुणीतरी जबाबदार माणसाने बघावं की लहान गाव, लहान समाज उघडा पडत नाही ना. प्रत्येक अभ्यासाचं नाव, करणाऱ्याचं नाव, पैसे कुणी दिले ते आणि मुदत, सोप्या मराठीत जाहीर करा. अभ्यास संपला की निष्कर्ष एका पानावर छापून ज्या गावांच्या नोंदी होत्या तिथे पाठवा आणि ग्रामसभेत वाचायला लावा. नोंदी फुटल्या तर सगळ्यांत आधी ज्यांच्या फुटल्या त्यांना कळवा.

यातलं काहीही महागडं नाही. बहुतेकाला तर नवी पदंही लागणार नाहीत.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. या पत्राचं उत्तर मला एकटीला टपालाने पाठवू नका. संशोधनासाठी दिलेल्या नोंदी पात्रता तपासणीसाठी वापरल्या जातात का, याआधी कधी वापरल्या गेल्या का, आणि पुढे वापरल्या जाणार नाहीत असं शासन लेखी द्यायला तयार आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं संचालनालयाच्या संकेतस्थळावर टाका आणि येत्या ग्रामसभेआधी ग्रामपंचायतींच्या फलकावर लावायला सांगा. मी ज्या दारांत जाते, तिथे तो कागद सोबत नेईन.

आपली,
घरोघर पाहणी करणारी एक कार्यकर्ती
जिल्हा धाराशिव